जुनी खेळणी, नवा नाताळ



गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात एका ठिकाणी गरजू मुलांसाठी खेळणी गोळा करण्याचं खोकं ठेवलं होतं. मी आणि माझा सात वर्षांचा मुलगा त्या खोक्यापाशी उभे होतो. त्याच्या हातात त्याचा पिवळा डंपर होता. तीन वर्षं हा डंपर त्याच्या उशाशी झोपला होता. द्यायचा म्हणून त्यानं तो स्वतः बाथटबमध्ये धुतला, चाकांत अडकलेले केस टूथपिकनं काढले. खोक्यावर पाटी होती: फक्त नवीन, न उघडलेली खेळणी. तिथल्या बाईंनी अगदी प्रेमानं सांगितलं की हे घेता येणार नाही. गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, म्हणजे माझा ट्रक खराब आहे का?"

मी काहीतरी उत्तर दिलं आणि गाडी सुरू केली. त्याला ठाऊक नव्हतं की त्याच गाडीच्या डिकीत, एका जुन्या चादरीखाली, त्याच्या चार वर्षांच्या बहिणीसाठी मी घेतलेलं लाकडी स्वयंपाकघर होतं. तेही जुनंच. पंधरा डॉलरला. एक बटण नाही, एक दार लटकलेलं. सप्टेंबरमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं आणि पुढचं हातात नव्हतं. आयटीतल्या लोकांना हे दिवस माहीत आहेत. रोज सकाळी लॅपटॉप उघडायचा, शर्ट घालायचा, आणि कुणाचा फोन येणार नाही हे माहीत असायचं. नव्या स्वयंपाकघराची किंमत मी पाहिली होती आणि टॅब बंद केला होता.

म्हणजे एकाच गाडीत पुढे एक जुनं खेळणं होतं जे कुणाच्या मुलाला द्यायला चालत नव्हतं, आणि मागे एक जुनं खेळणं होतं जे मी माझ्या मुलीला सांताच्या नावानं देणार होतो. हे मला बोचलं. काम नव्हतं, वेळ होता, म्हणून मी वाचायला बसलो. जुनं खेळणं नाताळची भेट म्हणून कधी चालत होतं, आणि ते चालेनासं कधी झालं? आजच्या भागात तेच सांगतो.

सुरुवात जर्मनीपासून करावी लागते, कारण आज अमेरिकेत जो नाताळ दिसतो त्यातलं बरंचसं, झाडासकट, जर्मन घरांतून आलं. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन मध्यमवर्गीय घरांत मुलींसाठी बाहुलीचं स्वयंपाकघर असे. छोटी चूल, छोटी तांब्या-पितळेची भांडी, भिंतीवर टांगलेल्या पळ्या. मुलग्यांसाठी अनेकदा छोटं किराणा दुकान, तराजू आणि खणांसह. आता गंमत बघा. ही खेळणी वर्षभर मुलांच्या हातात नसत. ती नाताळच्या सुमारास माळ्यावरून खाली येत आणि सण संपला की जानेवारीत परत माळ्यावर जात. पुढच्या वर्षी पुन्हा तीच. मधल्या काळात आईनं पडदे बदललेले असत, वडिलांनी मोडका पाय चिकटवलेला असे, दुकानाच्या खणांत ताजे मनुके आणि साखर भरलेली असे. बाहुल्यासुद्धा नाताळच्या आधी काही दिवस घरातून गायब होत आणि सणाच्या दिवशी नवा झगा घालून परत येत. अनेक स्वयंपाकघरं आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे गेली.

म्हणजे त्या घरांत नाताळच्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा आनंद एका जुन्या, ओळखीच्या खेळण्याचा होता. ते वर्षभर दिसलेलं नसे, आणि कुणीतरी त्यावर मेहनत घेतलेली असे.

हे वाचताना मला आमच्या साताऱ्याच्या घरातलं बुटांचं खोकं आठवलं. तुमच्याकडेही असेल. दिवाळीत किल्ला करायचा म्हणून माळ्यावरून ते खोकं काढायचं, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले मावळे, एक तोफ, सिंहासनावरचे महाराज. एखाद्या मावळ्याची तलवार तुटलेली, एखाद्याचा रंग उडालेला. "हे जुने आहेत" असं आम्ही कधी म्हटलं नाही. ते आपले मावळे होते. दरवर्षी दोन-चार नवे आणले तरी मानाची जागा जुन्यांनाच.

आपल्या इथून फार लांब नाही, पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम नावाचं गाव आहे. मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी ते 1741 मध्ये वसवलं. त्यांच्याकडे नाताळला घरात देखावा मांडायची जुनी रीत आहे, त्याला ते पुट्झ म्हणतात. सजवणे या अर्थाच्या जर्मन शब्दावरून हे नाव आलं. शेवाळ, दगड, लाकडाचे कोरलेले प्राणी, छोटी घरं. दरवर्षी तेच प्राणी खोक्यातून बाहेर. आपल्या गणपतीच्या आराशीची किंवा किल्ल्याची सवय असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग हे बदललं कसं? एका दिवसात नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नाताळ हळूहळू मुलांचा आणि भेटींचा सण झाला. 1870 मध्ये तो संघराज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत आला. शहरांत मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स उघडली आणि डिसेंबरमध्ये त्यांच्या काचेमागे खेळणी मांडली जाऊ लागली. यातली बरीचशी खेळणी जर्मनीहून, न्यूरेंबर्ग आणि सोनेबर्गच्या परिसरातून येत. पहिल्या महायुद्धात ती आवक थांबली आणि अमेरिकेतले कारखाने वाढले. 1918 मध्ये तर सरकारी पातळीवर असा विचार चालला होता की युद्धामुळे या वर्षी लोकांनी नाताळच्या भेटी घेऊच नयेत. खेळणी बनवणारा उद्योजक ए. सी. गिल्बर्ट वॉशिंग्टनला गेला, सोबत खेळणी घेऊन, आणि त्यानं तो विचार मागे घ्यायला लावला.

याच काळात आणखी एक छोटी गोष्ट घडली, पण माझ्या मते ती फार महत्त्वाची आहे. 1917 मध्ये कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानात भेटी गुंडाळायचा साधा पातळ कागद नाताळआधीच संपला. त्यांनी पाकिटांच्या आतून लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद काउंटरवर ठेवला. तो हातोहात खपला. हीच पुढे हॉलमार्क कंपनी. एमबीए करताना आम्हाला "परसीव्ह्ड व्हॅल्यू" या विषयावर बरंच काही शिकवलं होतं. मला वाटतं त्या सगळ्या तासांचा सारांश या एका कागदात आहे. गुंडाळलेली वस्तू नवी की जुनी, महाग की स्वस्त, हे उघडेपर्यंत कुणालाच कळत नाही. ती फक्त भेट असते.

जुन्या खेळण्यांची भीती मात्र खरी होती, हेही सांगायला हवं. प्रतिजैविकांच्या आधीच्या जगात स्कार्लेट फीव्हर किंवा घटसर्प झालेल्या मुलाची खेळणी जाळून टाकत. मार्जरी विल्यम्स यांचं "द व्हेल्व्हेटीन रॅबिट" हे 1922 चं पुस्तक अनेकांनी आपल्या मुलांना वाचून दाखवलं असेल. त्यातल्या कापडी सशावर तीच पाळी येते. तेव्हा दुसऱ्याच्या मुलाचं खेळणं घरात आणताना आई कचरत असेल, तर त्याला कारण होतं.

तरीही गरज भीतीपेक्षा मोठी असते. 1902 मध्ये बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या मेथडिस्ट पाद्र्यानं श्रीमंत वस्त्यांतून पोती भरभरून जुने कपडे आणि वस्तू गोळा केल्या. त्या तशाच वाटल्या नाहीत. गरीब लोकांना मजुरी देऊन दुरुस्त करून घेतल्या आणि स्वस्तात विकल्या. यातून गुडविल ही संस्था उभी राहिली, जिच्या दुकानात आपल्यापैकी अनेकांनी या देशातली पहिली कढई किंवा पहिलं टेबल घेतलं असेल.

1929 नंतर महामंदी आली. अमेरिकेतल्या कितीतरी गावांत त्या वर्षांत अग्निशमन केंद्रं डिसेंबरमध्ये खेळण्यांचे कारखाने झाली. गावकरी मोडकी खेळणी आणून देत. आगीचा फोन येईपर्यंतच्या रिकाम्या वेळात जवान सायकलींना रंग देत, बाहुल्यांचे हात बसवत, गाड्यांची चाकं बदलत. नाताळला ती मुलांपर्यंत पोचत. लॉस एंजेलिसमध्ये 1935 साली खेळणी उधार देणारी योजना सुरू झाली. पुस्तकांच्या वाचनालयासारखी. मूल खेळणं घरी नेतं, खेळतं, परत आणतं. तिथे प्रत्येक खेळणं जुनंच, आणि त्यात कुणाला कमीपणा नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा.

दुसऱ्या महायुद्धात पैसे होते पण खेळणी नव्हती. 1942 च्या मध्यापासून धातूची खेळणी बनवणं बंद झालं. लायोनेल ही आगगाड्यांची प्रसिद्ध कंपनी. तिनं 1943 च्या नाताळला चक्क पुठ्ठ्याची आगगाडी विकली, कापून जोडायची. अशा वेळी ज्या घरात थोरल्या भावाची लोखंडी गाडी माळ्यावर होती, त्या घरातलं पोर नशीबवान.

आणि आता या गोष्टीतलं मुख्य प्रकरण. 1947, पुन्हा लॉस एंजेलिस. डायन हेंड्रिक्स या बाईंनी हातानं एक कापडी बाहुली शिवली आणि नवऱ्याला सांगितलं, ही नाताळला एखाद्या गरजू मुलीला पोचेल अशा संस्थेला देऊन या. नवरा म्हणजे मरीन कोअरच्या राखीव दलातले मेजर बिल हेंड्रिक्स. त्यांना तशी संस्था सापडली नाही. बाई म्हणाल्या, मग तुम्हीच सुरू करा. त्या वर्षी हेंड्रिक्स आणि त्यांच्या साथीदारांनी 5,000 खेळणी गोळा करून वाटली. पुढच्याच वर्षी मरीन कोअरनं ही मोहीम देशभर नेली. हीच ती टॉइज फॉर टॉट्स. हेंड्रिक्स एरवी वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत प्रसिद्धीचं काम बघत, त्यामुळे ओळखी मोठ्या. मोहिमेचं आगगाडीचं चिन्ह वॉल्ट डिस्ने यांनी काढून दिलं.

पुढची तीसेक वर्षं या मोहिमेत नवी आणि जुनी, दोन्ही खेळणी घेत. ऑक्टोबर ते डिसेंबर, प्रशिक्षणाच्या शनिवार-रविवारी राखीव दलाचे सैनिक बसून जुनी खेळणी दुरुस्त करत. डोळ्यांसमोर आणा. कडक इस्त्रीचे गणवेश, आणि हातात बाहुलीचा तुटका पाय.

1980 पासून त्यांनी फक्त नवी खेळणी घ्यायला सुरुवात केली. कारणं तीन होती. पहिलं, 1970 च्या दशकात संरक्षण खात्याचं धोरण बदललं. राखीव सैनिकांनी कायम सज्ज असायला हवं, त्यांचा प्रशिक्षणाचा वेळ खेळणी रंगवण्यात जाऊ नये. दुसरं, दुरुस्त केलेल्या खेळण्यानं मुलाला इजा झाली तर जबाबदारी कुणाची? तिसरं कारण मी दोनदा वाचलं. कुणाचं तरी वापरून झालेलं खेळणं देऊन आपण त्या मुलाला आशेचा संदेश देतो आहोत का, की त्याच्यापर्यंत भलताच संदेश जातो?

हे तिन्ही मुद्दे मला पटतात. दुसरा तर पूर्णच. रंगातल्या शिशावर अमेरिकेत 1978 मध्ये बंदी आली. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांत घशात अडकतील असे सुटे भाग नकोत, हा नियम 1 जानेवारी 1980 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचं खेळणं कितीही सुंदर असलं तरी ते कपाटात ठेवायचं, तोंडात घालणाऱ्या पोराला द्यायचं नाही. आणि "नवं म्हणजे सुरक्षित" हेही खरं नाही. 2007 मध्ये शिशाचा रंग असलेली लाखो नवी खेळणी कंपन्यांना परत मागवावी लागली. त्यानंतर 2008 चा कडक कायदा आला. आज मुलांच्या वस्तूंत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 100 भाग इतकी आहे. जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानांना प्रत्येक वस्तू तपासून घ्यायची सक्ती नाही, पण मर्यादेबाहेरची किंवा परत मागवलेली वस्तू विकणं मात्र बेकायदा आहे.

राहिला तिसरा मुद्दा. माझ्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच होतं. अनोळखी मुलाला खोक्यातून आलेलं जुनं खेळणं मिळतं, तेव्हा त्याच्यासोबत काहीच येत नाही. कुणाचं होतं, कुणी धुतलं, कुणी जपलं, काही नाही. फक्त एक ओरखडा येतो. आणि ज्या मुलाला आधीच सगळं उरलंसुरलं मिळतं, त्याला तो ओरखडा पहिल्यांदा दिसतो. म्हणून तिथे नवं, बंद खोकंच द्यावं. पण ओळखीच्या हातातून आलेलं जुनं खेळणं वेगळं. जर्मन घरातलं स्वयंपाकघर, आपले मावळे, थोरल्या भावाची आगगाडी. त्यांच्यासोबत माणसं येतात.

त्या आठवड्यात आईशी फोनवर बोलताना मी चाचरतच सांगितलं की यंदा धाकटीला जुनं खेळणं देणार आहे. मला वाटलं तिला वाईट वाटेल, अमेरिकेतल्या मुलाची ही अवस्था. ती म्हणाली, "अरे, तू जन्मलास तेव्हा तुझ्या अंगाला पहिलं लागलं ते तुझ्या मामेभावाचं अंगडं. बाळाला पहिलं जुनंच घालतात. धुऊन धुऊन मऊ झालेलं. कोऱ्या कापडानं टोचतं." मग म्हणाली, "भांडी आहेत का त्यात? नसतील तर वाट्या घाल घरातल्या."

मग आम्ही काय केलं ते सांगतो, तुमच्या उपयोगी पडलं तर बघा.

मुलं झोपली की मी आणि बायको गराजमध्ये. आधी ग्राहक सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर हे मॉडेल परत मागवलेलं नाही ना ते पाहिलं. मग टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीची चाचणी. जो सुटा भाग त्या नळीतून जातो तो लहान मुलाच्या घशात जाऊ शकतो, असे दोन तुकडे काढून टाकले. बटण-सेल लागणारा, झाकणाला स्क्रू नसलेला एक आवाजाचा डबा होता, तो फेकला. लोहचुंबक सुटे नाहीत ना ते बघितलं. साबणाच्या पाण्यानं पुसलं, दोन दिवस वाळवलं. दाराच्या बिजागऱ्या नव्या बसवल्या. नसलेल्या बटणाच्या जागी बायकोनं लोणच्याच्या बरणीचं लाल झाकण लावलं.

खोकं नव्हतं, म्हणून गुंडाळलंच नाही. इथे अनेक घरांत सांताची भेट न गुंडाळता, जोडून, खेळायला तयार अशी झाडाखाली ठेवतात. आमच्या पथ्यावरच पडलं. नव्या खेळण्यात नाताळची सकाळ कात्री, तारा आणि स्क्रूड्रायव्हर शोधण्यात जाते, आणि पोर रडत उभं असतं. इथे तसं काही नाही. वर एक चादर टाकली, रिबन बांधली. आणि जर्मन आयांचं ऐकून खण भरले: एका डब्यात पोहे, एकात शेंगदाणे, एकात मनुके, आणि आईच्या सांगण्यावरून दोन स्टीलच्या वाट्या आणि एक छोटी पळी.

सकाळी धाकटीनं चादर ओढली आणि पहिल्यांदा पाहिलं ते पोह्यांच्या डब्याकडे. "सांताला पोहे माहीत आहेत?" एवढाच तिचा प्रश्न. लाल झाकण फिरवून तिनं गॅस लावला. बिजागरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

थोरल्यानं पाहिलं. सात वर्षांच्या मुलाला कळतं. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबा, हे आधी कुणाचं तरी होतं ना?" मी खोटं बोललो नाही. हो म्हटलं. कुणीतरी जपलं होतं, मग आम्ही दुरुस्त केलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, "मग माझा डंपर?"

खालच्या मजल्यावर एक तेलुगू कुटुंब राहतं, त्यांचा मुलगा तीन वर्षांचा. संध्याकाळी आम्ही दोघं डंपर घेऊन गेलो. कागदात थोरल्यानंच गुंडाळला, चिकटपट्टी अर्धा रोल. कागद फाडल्यावर त्यानं त्या छोट्याला गंभीरपणे समजावलं की मागचं डावं चाक जरा अडतं, तिथे बोटानं असं ढकलायचं. हे कुठल्याही खोक्यावर छापलेलं नसतं.

कॉन्ट्रॅक्ट मला फेब्रुवारीत मिळालं. या वर्षी नवं खेळणं परवडेल. पण श्रोतेहो, एक सुचवतो. नोव्हेंबरमध्ये आपापल्या गावात, दिवाळीच्या फराळालाच, चार-पाच ओळखीची घरं मिळून मुलांची खेळणी बदलून घ्या. खोक्यात टाकू नका. हातातून हातात द्या, आणि देणाऱ्या मुलाला सांगू द्या की कुठलं चाक अडतं. अनोळखी मुलांसाठी मात्र दुकानातून नवं आणा, खोकं न उघडता. दोन्ही करा.

आमच्या घरात जानेवारीत ते स्वयंपाकघर चादरीत गुंडाळून गराजच्या वरच्या फळीवर गेलं. थोडी रडारड झाली. आता डिसेंबर जवळ आला आहे. धाकटी रोज विचारते, माझं स्वयंपाकघर कधी येणार? अडगळीतून दुसरं बटणही गायब झालं आहे. लोणच्याची एक बरणी लवकर संपवावी लागेल.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.